ड्रायव्हर अपडेट केला आणि डिस्प्ले गेला? आधी हे करून बघा

लग्नसराईचे दिवस, रात्रीचे साडेदहा. जयसिंगपूरहून आतेभावाचा फोन. त्याचा लग्नाच्या फोटोंचा आणि अल्बमचा धंदा आहे, म्हणजे ऐन हंगामात त्याच्या कॉम्प्युटरला झोप नसते. "दादा, ग्राफिक्स कार्ड उडालं!" विचारलं काय झालं, तर म्हणाला, ड्रायव्हरचं अपडेट आलं होतं म्हणून सुरू केलं, निम्म्यात लाईट गेली, आता चालू केलं की स्क्रीन काळी. ओळखीच्या एकाने लगेच निदान केलं होतं: कार्ड बदला, नाहीतर फॉरमॅट मारून बघू.

मी त्याला एवढंच विचारलं, "चालू केल्या केल्या मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो दिसतो का?"

"दिसतो की. त्याच्यानंतर काळं होतं."

"मग कार्ड जिवंत आहे. जेव आणि झोप. सकाळी येतो."

हा प्रश्न पहिला का, ते समजलं की पुढचं बरंचसं सोपं होतं. लोगो दिसतो तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं. त्या वेळचं चित्र कार्ड स्वतःच्या आतल्या फर्मवेअरवर, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रामवर, दाखवतं. तुम्ही अपडेट केलेला ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलायला विंडोजला लागणारा प्रोग्राम, तो नंतर लोड होतो. म्हणून लोगो स्वच्छ दिसत असेल आणि गोंधळ त्याच्यानंतर सुरू होत असेल, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे. लोगोवरच रंगीत ठिपके, उभ्या रेषा, चौकटी दिसत असतील, तर ड्रायव्हर बिचारा अजून जागाही झालेला नाही. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये शोधा.

खात्री करायची असेल तर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. चित्र स्थिर राहिलं तर पुढे वाचा. बायोसमध्ये कार्डावर काही ताण येत नाही, त्यामुळे हे पूर्ण तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र नव्हे. पण "कार्ड मेलं" या घोषणेला एवढं उत्तर पुरतं.

बिघाड नसलेले बिघाड

अपडेटनंतर येणाऱ्या तक्रारींमधल्या कितीतरी तक्रारी मुळात बिघाड नसतातच. ड्रायव्हर बसताना स्क्रीन काही क्षण काळी होणं, अक्षरं एकदम मोठी होऊन पुन्हा लहान होणं, दोन मॉनिटर असतील तर खिडक्या इकडच्या तिकडे होणं, हे सगळं ठरलेलं आहे. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. खरा बिघाड तिथून सुरू होतो. पाच-दहा मिनिटं थांबा.

आवाज गेला? बहुतेक वेळा तो मॉनिटरमध्ये गेलेला असतो. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर एचडीएमआयचा ऑडिओ ड्रायव्हरही येतो आणि विंडोज कधीकधी त्यालाच मुख्य मानून बसतं. मॉनिटरला स्पीकर नसेल तर सगळं शांत. खाली घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करून आपले स्पीकर पुन्हा निवडा, झालं.

गेम अडखळतोय? पहिल्या दिवशी दुर्लक्ष करा. गेम चित्र काढण्यासाठी जे छोटे प्रोग्राम वापरतो, म्हणजे शेडर, ते तुमच्या कार्डासाठी तयार करून साठवलेले असतात. ड्रायव्हर बदलला की तो साठा बाद होतो आणि सगळं नव्याने तयार करावं लागतं. अर्धा-एक तास खेळल्यावर सहसा सुरळीत होतं. "नवीन ड्रायव्हर भंगार आहे" असं पहिल्या दहा मिनिटांत ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यात कधीकाळी मीही होतो.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर आला असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, परत लावा.

रंग फिके दिसत असतील तर मात्र थोडं थांबून बघा, कारण फोटो-व्हिडिओवाल्यांना हे महागात पडतं. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला ड्रायव्हर कधीकधी टीव्ही समजतो आणि रंगांची पूर्ण म्हणजे ० ते २५५ ही पट्टी पाठवण्याऐवजी १६ ते २३५ एवढीच पाठवतो. मग काळा रंग राखाडी दिसतो आणि पांढरा मळका. कार्ड एनव्हिडिया कंपनीचं असेल तर तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आहे. तिथे 'लिमिटेड' असेल तर 'फुल' करा. एएमडीमध्ये हीच गोष्ट डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट' नावाने सापडते. हे न तपासता कोणी फोटो गडद करत बसला तर छापून आलेल्या अल्बममध्ये नवरदेव कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा दिसेल.

स्क्रीन काळी आहे, पण कॉम्प्युटर चालू आहे

आधी किबोर्डवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर मिटते, बहुधा एक बीप येतो. उघडलेल्या फायली जशाच्या तशा राहतात. यावर चित्र परत आलं तर आधी काम सेव्ह करा.

नाही आलं, तर केबल बघा. डेस्कटॉपच्या मागे एचडीएमआयच्या दोन जागा असतात: वरची मदरबोर्डची, खालची आडवी ग्राफिक्स कार्डाची. साफसफाईत, टेबल हलवताना केबल वरच्या जागेत गेलेली असते आणि नेमकं त्याच दिवशी अपडेट केलेलं असतं. शिव्या ड्रायव्हरला बसतात. दोन मॉनिटर असतील तर विंडोज आणि पी दाबून बघा, चित्र दुसरीकडे पाठवलं गेलेलं असू शकतं.

रॅम काढून खोडरबराने घासण्याचा आपल्याकडचा रामबाण उपाय इथे कामाचा नाही. लोगो येत असेल तर रॅमला हात लावायची गरज नाही.

सेफ मोड

लोगोनंतर काळंच राहत असेल तर सेफ मोडला पर्याय नाही. तिथे विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं, म्हणून चित्र दिसतं. जुन्या सवयीने एफ८ दाबत बसू नका. विंडोज ८ पासून ते तसं चालत नाही.

स्क्रीन दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि स्टार्ट मेनूतून रिस्टार्ट करा. दिसतच नसेल तर मार्ग जरा रांगडा आहे. चालू करा, लोगोखाली ठिपके गोल फिरायला लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोजला कळतं काहीतरी बिनसलंय आणि पुढच्या वेळी दुरुस्तीचं निळं पान येतं. तिथून:

१. 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग 'रिस्टार्ट'.

२. आकड्यांची यादी आली की ४ दाबा. इंटरनेट हवंच असेल तर ५.

३. पासवर्ड टाका. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, तेव्हा मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड हाताशी ठेवा.

लॅपटॉपवाल्यांनी एक सावधगिरी बाळगायची आहे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि या वाटेने गेलं की या कुलुपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. ती आधी शोधा, मगच हा उद्योग सुरू करा.

मागे फिरणं

सेफ मोडमध्ये आलात, किंवा स्क्रीन ठीक आहे पण गेम बंद पडतायत, चित्र थरथरतंय, निळी स्क्रीन येतेय, तर सगळ्यात आधी जुन्या ड्रायव्हरवर परत जा. नव्याच ड्रायव्हरवर पुन्हा नवा टाकण्याची घाई नको.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उलगडा. लॅपटॉपमध्ये इथे दोन नावं दिसतील, एक इंटेल किंवा एएमडीचं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि एक वेगळं कार्ड. ज्याचा ड्रायव्हर बदलला त्यावरच डबल क्लिक करा. 'ड्रायव्हर' या टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. दाबा, कारण विचारेल, काहीही निवडा, रिस्टार्ट करा.

त्याच टॅबमध्ये आवृत्तीचा क्रमांक असतो, तो आधी कागदावर लिहून घ्या. एनव्हिडियाचा क्रमांक इथे ३१.०.१५.३६९९ असा विचित्र दिसतो. टिंबं विसरून शेवटचे पाच आकडे घ्या, ५३६९९, आणि तिसऱ्या आकड्यानंतर टिंब द्या: ५३६.९९. वेबसाइटवर याच क्रमांकाने ड्रायव्हर सापडतो. एएमडीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा, क्रमांक याहून सरळ आहे: २४.१२.१ म्हणजे २०२४ सालच्या डिसेंबरचा पहिला.

रोल बॅकचं बटण करड्या रंगाचं, निर्जीव असेल तर विंडोजकडे जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. आतेभावाकडे तेच झालं होतं. इन्स्टॉलरने जुना काढला, नवा बसवता बसवता लाईट गेली, म्हणजे ना घर का ना घाट का. असं असेल तर रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजने आधी जपून ठेवलेली चांगली स्थिती, आहे का बघा: त्याच निळ्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'सिस्टम रिस्टोर' असतं. तुमचे फोटो, कागदपत्रं याने पुसली जात नाहीत. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात.

मुळापासून साफ करणं

आतेभावाकडे रिस्टोर पॉइंटही नव्हता. तेव्हा 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे फुकट मिळणारं साधन वापरलं. वॅग्नार्डसॉफ्टच्या साइटवरून ते उतरवतात. जुन्या ड्रायव्हरच्या फायली आणि नोंदी ते खरवडून काढतं. दर अपडेटला हे करा असा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. घरात मुंगी दिसली म्हणून कोणी पेस्ट कंट्रोल बोलावत नाही. रोल बॅक आणि साधं अनइन्स्टॉल करून भागलं नाही, तरच. क्रम असा:

१. हवा तो ड्रायव्हर आधीच उतरवून डिस्कवर ठेवा. कॉम्प्युटर चालत नसेल तर दुसऱ्यावरून पेनड्राइव्हवर घ्या.

२. इंटरनेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. हे विसरलात तर साफसफाई होताच विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं.

३. सेफ मोडमध्ये ते साधन उघडा, उजवीकडे 'जीपीयू' आणि कार्डाची कंपनी निवडा, 'क्लीन अँड रिस्टार्ट' दाबा.

४. आता अक्षरं भलीमोठी दिसतील. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल. बरोबर चाललंय.

५. ठेवलेला ड्रायव्हर बसवा, रिस्टार्ट करा, मग इंटरनेट जोडा.

या साधनाचं नाव वाचून धास्ती वाटत असेल तर एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम' निवडल्यावर 'क्लीन इन्स्टॉलेशन'ची चौकट मिळते, एएमडीच्यात 'फॅक्टरी रिसेट'. अनेकदा तेवढ्यानेही भागतं.

आतेभावाचा पीसी पाऊण तासात उभा राहिला. सी ड्राइव्हवर डेस्कटॉपवरच दोन लग्नांचे निवडून ठेवलेले फोटो होते. फॉरमॅट मारला असता तर दोन्ही वधूपित्यांना काय तोंड दाखवलं असतं, ते तो अजून सांगतो.

कोणता ड्रायव्हर बसवायचा

लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा, नेमक्या मॉडेल क्रमांकाचा. तो जुना वाटेल, पण दोन ग्राफिक्समधली अदलाबदल आणि झाकण मिटल्यावरची झोप त्या मशिनवर तपासलेली असते. डेस्कटॉप असेल तर थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरचा. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने झाले आहेत' म्हणून लाल अक्षरांत ओरडणारे प्रोग्राम कधीही टाकू नका. मी आजवर सोडवलेल्या भानगडींमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे.

एनव्हिडियाचे दोन प्रकार दिसतील, गेम रेडी आणि स्टुडिओ. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर स्टुडिओ घ्या. दोन्हींत फार मोठा भेद नाही, पण स्टुडिओ कमी वेळा येतो आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरवर जास्त तपासलेला असतो.

कार्ड जुनं असेल तर नवा ड्रायव्हर मुळात त्याच्यासाठी आहे का, हेही बघा. जीटी ७१० सारखी केपलर घराण्याची कार्डं २०२१ मध्येच नियमित ड्रायव्हरमधून बाहेर पडली. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या पास्कल घराण्याचा शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर २०२५ चा. त्यापुढे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेची डागडुजी. अशा कार्डावर नव्या ड्रायव्हरच्या मागे धावण्यात अर्थ नाही. चालतोय तो चालू द्या.

आणि दोष दरवेळी तुमचाच असतो असंही नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याचा वेग नीट सांभाळत नव्हता, कार्डं तापू लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. २०२५ च्या सुरुवातीला ५७२ मालिकेच्या ड्रायव्हरवर काळ्या स्क्रीनच्या तक्रारींचा पूर आला, एप्रिलमधल्या ५७६.०२ सोबत दुरुस्त्यांची लांबलचक यादी आली, आणि त्यातच नवी खोड निघाली: कॉम्प्युटर झोपून उठला की तापमानाचा आकडा गोठायचा. त्यासाठी ५७६.१५ हा तातडीचा हॉटफिक्स काढावा लागला. म्हणून ड्रायव्हरसोबत जी माहितीपत्रिका येते तिच्यातला 'ओपन इश्यूज' हा भाग दोन मिनिटं चाळा. तुमची तक्रार तिथेच छापलेली असू शकते.

कोड ४३ आणि 'स्टॉप्ड रिस्पाँडिंग'

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण आणि आत 'कोड ४३' दिसला, तर कार्डाने किंवा त्याच्या ड्रायव्हरने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते बंद ठेवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. अपडेटनंतर लगेच आला तर वरची साफसफाई करा. साफसफाईनंतर, दोन वेगवेगळ्या ड्रायव्हरवरही तोच कोड आला, तर कार्डावरच संशय घ्यायची वेळ आली.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे काम करता करता स्क्रीन मिटते, परत येते आणि ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं असा संदेश दिसतो. व्हिस्टापासून विंडोज कार्डावर पहारा ठेवतं. दिलेल्या कामाला दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते ड्रायव्हरला हलवून उठवतं. उठला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद होते. नाही उठला तर निळी स्क्रीन, आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर'. हे दोन सेकंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन वाढवा असा सल्ला मिळेल. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. त्याने कारण जात नाही, कॉम्प्युटर फक्त जास्त वेळ गोठून राहतो.

त्याऐवजी कार्डाचा वेग वाढवण्यासाठी आफ्टरबर्नरसारखं काही लावलं असेल तर ते मूळ पदावर आणा. जुन्या ड्रायव्हरवर तग धरलेली सेटिंग नव्यावर कोसळते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. मग कॅबिनेट उघडून धूळ, पंखा आणि एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून, कार्डाला येणारी पॉवरची पिन बघा. जुन्या, आधी नीट चाललेल्या ड्रायव्हरवर परत जाऊनही तेच होत असेल तर ड्रायव्हर निर्दोष आहे. स्वस्तातला एसएमपीएस हा माझ्या यादीतला पुढचा आरोपी.

पुन्हा आपोआप तेच अपडेट आलं तर

जुना ड्रायव्हर बसवला आणि दोन दिवसांनी विंडोजने गुपचूप बदलला, असं होतं. स्टार्टमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधा आणि 'नो' निवडून सेव्ह करा. विंडोज अपडेटही आठवडाभर पॉज करून ठेवा, तेवढ्यात बहुधा दुरुस्त आवृत्ती येते.

पुढच्या अपडेटआधी रिस्टोर पॉइंट बनवा, चालणाऱ्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर डी ड्राइव्हवर जपा, लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या. आणि उद्या ऑर्डर द्यायची असेल तर आज अपडेट नको.

हे सगळं करूनही जमलं नाही तर दुकान गाठा, पण रिकाम्या हाताने नको. आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, कोणता कोड आला, लोगो स्वच्छ दिसतो का, एवढं एका कागदावर लिहून न्या. कार्ड वॉरंटीत असेल तर बिल न्या आणि कार्ड कोणाला उघडू देऊ नका. जमलं तर दुकानात असलेलं दुसरं कार्ड तुमच्या मशिनमध्ये लावून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि समोरचा म्हणाला "आधी फॉरमॅट मारू", तर सी ड्राइव्हवरच्या फायली कुठे काढून ठेवणार, ते त्याने स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी विचारा.